आडवं आलेलं कुत्रं

ड्रायव्हरकाकांना ती लाल गाडी चालवायचा मान अखेर मिळाला. गाडी शिंप्याच्या दुकानात घुसल्यावर.

त्याआधी गाडीला हात लावायचीसुद्धा परवानगी नव्हती. पुसायला वेगळा माणूस यायचा, वेगळं फडकं घेऊन. काकांनी फक्त फाटक उघडायचं आणि धूळ खायची. आणि आज वकीलसाहेब त्यांना समोर बसवून सांगत होते की काल सकाळी गाडी तुम्हीच चालवत होतात. माणसाचं नशीब कधी फळफळेल, सांगता येत नाही.

बसवलं होतं तेही सोफ्यावर. एरवी काकांचा चहा मागच्या पायरीवर, कान तुटलेल्या कपात. आज बशीसकट कप आला आणि बाईसाहेबांनी स्वतःच्या हाताने दिला. काकांना तेव्हाच कळलं, प्रकरण फार वाईट आहे.

"परत म्हणा," वकील म्हणाले.

"साहेबांना न विचारता गाडी काढली. वेग पन्नास. कुत्रं आडवं आलं. ते वाचवायला गेलो आणि गाडी दुकानात गेली. घाबरून पळालो."

"शाब्बास."

कुत्रं वकिलांनी घातलं होतं. अशा भानगडीत एक कुत्रं आडवं येतंच. ते कोणाला दिसत नाही, पण फार दयाळू असतं. मोठ्या घरच्या पोरांसाठी कुठूनही धावत येतं.

ज्याच्यासाठी ते धावलं होतं ते पोरगं, म्हणजे पिल्लू, समोरच्या खुर्चीत मोबाईल खेळत पडलं होतं. वय चोवीस, दाढी छातीपर्यंत, पण आईसाठी पिल्लूच. कपाळावर पट्टी. ती बाथरूममध्ये घसरल्याची, असं घरात सकाळीच ठरलं होतं. लोक जमायच्या आत तो मित्राच्या गाडीत बसून घरी आला होता आणि आल्या आल्या पहिला प्रश्न विचारला होता, "बंपर मिळेल ना नवीन?"

शिंप्याचं कोणी विचारलं नव्हतं. तो हॉस्पिटलमध्ये होता, दोन्ही पाय प्लॅस्टरमध्ये. मशीन पायाने चालवायचा. काकांच्या अंगातला पांढरा शर्ट त्यानेच शिवलेला. "काका, बगलेत जरा सैल ठेवलाय. दिवसभर स्टेअरिंग फिरवता तुम्ही," असं म्हणाला होता.

"काका, घाबरू नका," साहेब म्हणाले. "चार-सहा महिन्यांचा प्रश्न. मागची खोली तुमचीच आहे. काकूंना कोणी हलवणार नाही."

म्हणजे नाही म्हणालात तर हलवू. काकांनी चहाचा घोट घेतला. साखर बरोबर होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

बेल वाजली. बाईसाहेब पिल्लूच्या कानाशी वाकल्या. "काहीही झालं तरी तू तोंड उघडायचं नाहीस. कळलं ना राजा?"

पिल्लूने मान हलवली. डोळे मोबाईलमध्येच.

इन्स्पेक्टर मॅडम आत आल्या. बसल्या, पाणी नको म्हणाल्या आणि काकांकडे वळल्या. काका उभे राहिले आणि पाठ केलेलं घडाघडा बोलले. कुत्र्यापाशी वकिलांनी डोळे मिटून समाधानाने मान डोलावली.

"पन्नासच्या वेगात शटर फुटलं, भिंत पडली आणि मशीन रस्त्यावर आलं?" मॅडमनी विचारलं.

काकांनी एकदा पिल्लूकडे पाहिलं.

"पन्नास नसेल मॅडम. चाळीस."

वकिलांनी डोळे उघडले.

"त्याच्या वर जातच नव्हती ती. चढावर तर धापा टाकत होती. नुसता आवाज, आत काही नाही. आमची भाजी आणायची जुनी गाडी बरी हिच्यापेक्षा."

पिल्लूचा अंगठा थांबला.

"काका, विचारलं तेवढंच सांगा," वकील खाकरले.

"खरं ते सांगतो साहेब. पुलावर एक रिक्षा मागून आली. तीन माणसं आणि वर गाद्यांचं बोचकं. आली आणि आमच्या पुढे गेली."

"रिक्षा?" पिल्लू खुर्चीतून उडालं. "माझ्या गाडीच्या पुढे रिक्षा?"

"पिल्लू!" बाईसाहेब ओरडल्या.

"थांब गं मम्मी! चाळीस म्हणे! चाळीसला ही गाडी जागीसुद्धा होत नाही! दोनशे दहाला होतो मी पुलावर! दोनशे दहा! हा बघा व्हिडिओ, काटा दिसतोय!" त्याने मोबाईल थेट मॅडमच्या हातात दिला. "आणि कुत्रं-बित्रं काही नव्हतं!"

खोलीत फक्त मोबाईलमधून पिल्लूचा आवाज येत राहिला. इंजिनाच्या वर ओरडत होता, खिदळत होता. मग एक धडाका. मग काहीच नाही.

मॅडमनी मोबाईल पिशवीत घातला. वकिलांनी आपली बॅग उचलून मांडीवर घेतली, जणू ते चुकून या घरात आले होते. साहेब भिंतीकडे बघत राहिले.

पिल्लूला अजून कळलं नव्हतं. "रिक्षा म्हणे," तो पुटपुटत होता.

"काका," बाईसाहेब म्हणाल्या, "ही रिक्षा कुठून आणलीत तुम्ही?"

काकांनी कप बशीत ठेवला. बशी उचलून मागच्या पायरीकडे निघाले आणि दारात थांबले.

"विसरलात बाईसाहेब? शाळेत सोडायला जायचो तेव्हा तुम्ही मागच्या सीटवर घास हातात घेऊन रडकुंडीला यायचात, पण हा काही तोंड उघडायचा नाही. मग मी पुढून म्हणायचो, 'पिल्लू, ती बघ, रिक्षा आपल्या पुढे गेली.'"