पूर्वपक्ष

"तीन मिनिटं, हाल्वर. घड्याळ लावते," डीन लोर्ना म्हणाली आणि अंडी उकडताना लावतात तसलं छोटं घड्याळ तिने टेबलावर ठेवलं.

हाल्वर नीगार्ड उठला. आयोवाच्या मक्यात रुतलेल्या त्या लहानशा कॉलेजचे झाडून सगळे प्राध्यापक चॅपेलखालच्या तळघरात पांचट कॉफी पीत बसले होते. ठराव एका ओळीचा होता: तत्त्वज्ञानाचा विभाग बंद करावा. विभाग म्हणजे दोन माणसं. एक हाल्वर. दुसरी त्याच्या शेजारी बसलेली ब्रिटा, गेल्याच वर्षी ओरेगनमधलं बिऱ्हाड गुंडाळून आलेली. विभाग गेला तर हाल्वर पेन्शनीत निघणार होता. ब्रिटा रस्त्यावर येणार होती.

"झोडा त्यांना," ती कुजबुजली.

हाल्वरने घसा साफ केला. "आधी ठराव मांडणाऱ्यांचं म्हणणं नीट समजून घेऊ."

ब्रिटाने कपाळाला हात लावला.

आयुष्यभर त्याने पोरांना हेच शिकवलं होतं. समोरच्याचा पूर्वपक्ष आधी मांडा, त्याला स्वतःला जमला नसता इतका भक्कम मांडा, मगच खोडा. न मांडता खोडणाऱ्याला तो सरळ नापास करायचा. शिकलेल्या माणसाला स्वतःच्या गळ्याला फास लावतानाही गाठ नीट बसली का ते बघायचं असतं.

"एक बाई दोन पाळ्या करून पोरीला इथं धाडते," तो म्हणाला. "त्या पोरीला आपण काय देतो? शंका! उद्या कोणतं काम उरणार, कोणतं यंत्र गिळणार, आपल्याला घंटा ठाऊक नाही. आणि आपण तिला सांगतो, विचार करायला शिक बाई, विचार करणारा माणूस कुठेही तगतो. ह्याला पुरावा काय? आपण स्वतः. आणि आपण तर ह्या गावाबाहेर कधी तगूनच पाहिलं नाही."

हशा पिकला आणि लगेच विरला. ठराव मांडणाऱ्यांतला हिशेबाचा मास्तर रँडी मान डोलवू लागला. त्यांच्या बाजूने इतकं चांगलं त्यांच्यातलंही कुणी बोललं नव्हतं. हाल्वरला चेव चढला. एकेक मुद्दा तो असा ठोकून बसवत गेला, की हलायची सोय राहिली नाही.

"आता ह्याला उत्तर..." तो म्हणाला, आणि घड्याळ किणकिणलं.

"वेळ संपली."

"अहो, पण मी अजून सुरुवातच केली नाही!"

"एका विभागाने एकदाच बोलायचं, तेही तीन मिनिटं. नियम तुम्हीच करून घेतलाय, हाल्वर. लोक वटवट फार करतात म्हणून."

तो खाली बसला. कॉफी थंडगार झाली होती.

"उत्तर काय होतं?" ब्रिटाने विचारलं.

"अं?"

"उत्तर, हाल्वर. तुमच्या बोलण्याला. मला तरी सांगा."

"थांब. सांगतो." वर्गात त्याने ते किती पोरांना सांगितलं होतं. शब्द सगळे आठवत होते. पण एकेक शब्द तोंडाशी यायचा आणि मघाचं भाषण त्याची गचांडी धरून त्याला मागे खेचायचं. "थांब जरा... येतंय."

"ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा," लोर्ना म्हणाली.

रँडीचा हात वर गेला. मागच्या रांगांमधून हात उगवत गेले. पेन्सिल हवेत धरून लोर्ना मोजत पुढे सरकली आणि पहिल्या रांगेपाशी अडखळली.

"हाल्वर?"

त्याने वर पाहिलं. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर गेलेला होता. कधी गेला, त्याला कळलं नव्हतं. आणखी एक मिनिट मागायला गेला असेल. असेलच, असंही नव्हतं.

ब्रिटा त्या हाताकडे बघत होती. सगळं तळघर बघत होतं. तोही बघत होता.

"हाल्वर, हा मोजू की नको?"