सॅम्पल बंगल्यातला रविवार

"ते दोन फुकटे आज शेवटचे. पुढच्या रविवारी बसमध्ये दिसले, तर तू दिसणार नाहीस," असं बजावून साहेबांनी फोन ठेवला.

ताईने मागे वळून पाहिलं. काका नेहमीप्रमाणे शेवटच्या सीटवर बसून रुमालाने खिडकीची काच पुसत होते.

ताई म्हणजे बंगले विकणाऱ्या कंपनीत नोकरी करणारी मुलगी. वयाने लहान असली तरी बसमधले सगळे तिला ताईच म्हणत. रविवारी सकाळी शहरातून फुकट बस सोडायची, लोकांना तासाभरावरच्या तळ्याकाठी न्यायचं, तयार असलेला एकुलता एक सॅम्पल बंगला दाखवायचा, चहा-बिस्किटं द्यायची आणि जेवायच्या वेळेला घरी आणून सोडायचं, हे तिचं काम. नाव-गाव कुणी विचारत नसे, फोन नंबर दिला की झालं. अर्ध्या दिवसात सहल पदरात पडते म्हटल्यावर बस भरायची. बंगल्यांना मात्र गिऱ्हाईक लागत नव्हतं, आणि साहेबांना त्याचा राग कुणावर तरी काढायचा होता.

पुलाजवळच्या थांब्यावर मावशी चढल्या. काकांकडे ढुंकूनही न बघता त्या अगदी पुढच्या सीटवर बसल्या.

"टोलनाक्यापर्यंत ओळख नाही बरं का," ड्रायव्हर आरशात बघत पुटपुटला.

टोलनाका गेला. मावशी उठल्या. "पुढे फार ऊन लागतं बाई," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि मागे जाऊन काकांशेजारी बसल्या. बाहेर आभाळ भरून आलं होतं.

"आपले बंगले खपोत न खपोत, ताई, एक लग्न तरी जुळणार बघा!" ड्रायव्हर म्हणाला.

ताईला हसू आलं आणि पाठोपाठ साहेबांचा फोन आठवला. दोन महिने ती हे बघत होती. पहिल्या रविवारी दोघं आपापल्या थांब्यावर चढले होते, आपापल्या थांब्यावर उतरले होते. आणि आता आज तिनेच त्यांना नको म्हणायचं! घरं विकण्यापेक्षा माणसांत तिचा जीव जास्त रमायचा, हीच तर साहेबांची तक्रार होती.

तळ्याकाठी बस थांबली. लोकांनी दहा मिनिटांत बंगला उरकला आणि फोटो काढायला सगळे पाण्याकडे पळाले. काका आणि मावशी तेवढे आत राहिले. नेहमीच राहायचे. ताई मनाचा हिय्या करून दाराशी आली आणि तिथेच थबकली.

"चपला बाहेर काढा आधी. आत्ता पुसलंय मी," मावशी दटावत होत्या.

"बरं बरं." काकांनी निमूटपणे चपला काढल्या आणि सोफ्यावर बसून कंपनीचं माहितीपत्रक पेपरासारखं उघडलं.

मावशींनी टेबलावरची प्लॅस्टिकची फळं नीट मांडली. ओट्यावर फडका फिरवला. नळ सोडून पाहिला. त्याला पाणी नाही हे त्यांना माहीत होतं, तरी सोडून पाहिला आणि पुन्हा घट्ट बंद केला. मग पर्समधून सुई-दोरा काढून त्या काकांजवळ बसल्या.

"इकडे व्हा बघू. बटण लोंबतंय शर्टाचं. सुनेला सांगता येत नाही का?"

"तिला तिची कामं काय कमी आहेत? आणि रविवारी तू असतेस की."

दोन महिन्यांत गाडी 'तू'वर आली होती. एरवी ताईने ही गंमत ड्रायव्हरला रंगवून सांगितली असती. आज तिने घसा खाकरला आणि साहेबांचं म्हणणं एका दमात सांगून टाकलं.

मावशींचा हात थांबला. काकांनी माहितीपत्रकाची घडी घातली, ती नीट बसेना म्हणून पुन्हा घातली.

"म्हणजे आज शेवटचं," मावशी म्हणाल्या.

"शहरातही भेटता येईल की," ताई घाईघाईने म्हणाली. "बागा आहेत, ग्रंथालय आहे."

"सगळीकडे मुलाच्या ओळखीची माणसं," काका म्हणाले. "मी कुणाला भेटतो हे त्याला कळलं, तर माझं बाहेर पडणं बंद. त्याला वाटतं, मी रविवारी मित्रांबरोबर असतो."

"माझ्याकडेही तीच तऱ्हा," मावशी म्हणाल्या. "यांच्या घराचा नुसता विषय निघाला, तरी मुलगा भरल्या ताटावरून उठतो. आणि इथे जरा घरात बसल्यासारखं वाटायचं गं."

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि पाण्यामागून रागही आला. साहेबांचा, त्या न पाहिलेल्या मुलांचा, सगळ्यांचाच.

"चोरी केलीय का तुम्ही?" ती म्हणाली. "आयुष्यभर मुलांसाठी खस्ता खाल्ल्यात, आता त्यांनाच घाबरून लपूनछपून भेटायचं? मी येते तुमच्या दोघांच्या घरी. मी बोलते मुलांशी. साक्षीदार म्हणून सहीसुद्धा करते. सरळ लग्न करा आणि उजळ माथ्याने एका घरात राहा!"

काकांनी मावशींकडे पाहिलं. मग काका हसायला लागले. इतके हसले की त्यांना ठसका लागला. मावशी त्यांची पाठ चोळत स्वतःही हसत होत्या, आणि हसता हसता त्यांचेच डोळे वाहायला लागले. त्यांनी ते पुसले आणि ताईचा हात धरून तिला शेजारी बसवून घेतलं.

"लग्न होऊन जन्म गेला गं आमचा," त्या म्हणाल्या. "मुलांचं भांडण झालं, घर विकलं, वाटण्या झाल्या. हे थोरल्याच्या वाट्याला गेले, मी धाकट्याच्या."