खाऱ्या पाण्यात

तपासणीच्या नळीतलं पाणी गडद निळं झालं, तशी चेतनानं मान हलवली. फॉस्फेट परत चढलं होतं. सलग चौथ्या महिन्यात.

"काकू, खरं सांगा. काय घालता टाकीत?"

"तू सांगितलंस तेवढंच," वसुधाबाई म्हणाल्या. "आठवड्यातून दोनदा कोळंबीचा तुकडा."

चेतना भांडुपहून महिन्यातून एकदा यायची. मुलुंडमधल्या सात-आठ घरांतल्या खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टाक्या तिच्याकडे देखभालीला होत्या, पण समुद्रफूल, फुलासारखा दिसणारा तो जिवंत प्राणी, फक्त या चौथ्या मजल्यावर. मधुकररावांनी निवृत्तीनंतर हौसेनं आणलेलं. दोन नारिंगी मासे त्याच्या लांब बोटांत शिरून बसत. मधुकरराव डिसेंबरात गेले. तेव्हापासून टाकीचं सगळं वसुधाबाईच बघत.

सुरुवातीला एकदा घोळ झाला होता. वसुधाबाईंनी फोन करून मीठ वाढल्याचं कळवलं. चेतनाला वाटलं, पाण्यात मीठ जास्त झालं. तिनं दोन बादल्या गोडं पाणी ओतायला सांगितलं आणि मासे जगले ते नशिबानं. डब्यातलं समुद्री मीठ संपलं होतं, एवढंच. वसुधाबाईंच्या वेंगुर्ल्याच्या घरात मीठ, कुंकू, तांदूळ कधी संपत नसत, वाढत.

"आमची आजी पण असंच म्हणायची," चेतना नंतर म्हणाली होती, "पण तिच्याकडे टाकी नव्हती ना."

आज ती बराच वेळ काचेपाशी वाकून होती. पाणी इतकं बिघडल्यावर फूल आक्रसून जायला हवं होतं. हे ताटाएवढं पसरलं होतं. त्यानं जागाही सोडली होती. दोन वर्षं मागच्या खडकाला घट्ट धरून राहिलेलं फूल या चार-पाच महिन्यांत सरकत सरकत पुढच्या काचेशी आलं होतं, मधुकररावांच्या आरामखुर्चीसमोर. फुलं चालतात, चेतना म्हणाली, पण उजेड सोडून सावलीत येत नाहीत.

वसुधाबाईंना त्यात नवल वाटत नव्हतं. वेंगुर्ल्याला ओहोटी लागली की खडकांतल्या डबक्यांत अशीच फुलं दिसायची. शेजारच्या वाडीतल्या मधुकरनं एकदा छोट्या वसुधाचा हात धरून बोट आत घालायला लावलं होतं. फूल मिटलं आणि बोटाला चिकटून राहिलं. ती रडकुंडीला आली. घाबरू नको, सोडतं ते, तो म्हणाला होता. त्या गोष्टीला साठ वर्षं होऊन गेली. डबक्याचा वास अजून आठवत होता.

आतल्या खोलीतून त्यांचा मुलगा निहार बाहेर आला. परवाच तो कॅनडाहून आला होता. वडील गेले तेव्हा त्याचा पासपोर्ट व्हिसासाठी अडकलेला. अग्नी दिला तो देवेशनं, चुलतभावानं. अस्थी तरी मुलाच्याच हातून वेंगुर्ल्याला सोडाव्यात, असं ठरलं. म्हणून तांब्याचा छोटा कलश लाल फडक्यात बांधून इतके महिने गॅलरीच्या हुकाला टांगलेला होता. घरात आणायचा नसतो. मधुकररावांनी मोजकंच सांगून ठेवलं होतं. मला खाऱ्या पाण्यात सोडा, बाकी काही करू नका.

निहारनं चेतनाला टाकीसाठी गिऱ्हाईक बघायला सांगितलं. अस्थी सोडून आला की तो घर बंद करून आईला बरोबर नेणार होता. वसुधाबाईंनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, टाकी जिथे राहील तिथे मी राहीन. निहार हसला होता.

"विमानात फूल पिशवीत घेऊन बसणारेस का, आई?"

  आत्ता वसुधाबाई पदराचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत राहिल्या.

निहार परत आत गेला. चेतनानं नळ्या धुतल्या, मग पुन्हा टाकीत पाहिलं.

"या कोपऱ्यातली पांढरी वाळू कमी झालीये. मी तर काढली नव्हती."

पाणी बदलताना ओढली गेली असेल, वसुधाबाई म्हणाल्या.

"आणि गॅलरीत गुलाबाला खत घालता ना? तेच हात टाकीत जात असतील. खतानंसुद्धा फॉस्फेट चढतं."

वसुधाबाईंनी गॅलरीकडे पाहिलं. "असेल हं. दर रविवारी घालते मी. चमचाभर."

"बंद करा ते. नाहीतर एक दिवस मरेल हे."

"वाढलंच गं ते आता. शेवटचा चमचा गेल्या रविवारी."

चेतना हसली. या वेळी तिला बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे निहारनं हुकाचा कलश उतरवला. फडक्याची गाठ वसुधाबाईंनी स्वतः पुन्हा घट्ट करून दिली. अस्थी सोडल्यावर आंघोळ कर, वाटेत जेवून घे, एवढंच सांगितलं.

निहारचा फोन पुढच्या दिवशी सकाळी आला. गुडघाभर पाण्यात उभं राहून सगळं नीट झालं, तो म्हणाला. 

"आई, अस्थी अगदी वाळूसारख्या होत्या. पांढऱ्याशुभ्र. आणि शेवटी हातात काय राहिलं माहितीये? शिंपला. नखाएवढा."



भटजींनी असं कधी पाहिलं नव्हतं. समुद्रानं आपला माणूस ओळखला, ते म्हणाले. निहारनं तो शिंपला रुमालात बांधून घेतला होता.

"टाकी राहू दे आई," तो म्हणाला. "तूही राहा तिथेच. मी नाही परत विचारणार."

फोन ठेवून वसुधाबाई आरामखुर्चीशेजारी आल्या. बांगड्या मागे सारून त्यांनी हात पाण्यात घातला. फूल हळूहळू मिटलं आणि त्यांचं बोट धरून राहिलं.

"अहो, ऐकलंत का," त्या म्हणाल्या, "निहारनं तुम्हाला वेंगुर्ल्याला पोचवलं म्हणे."