सातवीचा निकाल

"एकतीसपैकी सत्तावीस जणांना समजून वाचता येतं? बाई, तुमच्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुलं आहेत नऊ. गेल्या वर्षी यातल्या बारा जणांनाच धड वाचता येत होतं," असं म्हणत केंद्रप्रमुखांनी सातवीचा निकाल वर्गातल्या टेबलावर ठेवला. संशय उघड बोलून दाखवला नाही, इतकंच.

हुक्केरीबाईंना ते झोंबलं. यंत्रमागावर कामाला कुठून कुठून आलेल्या माणसांची ही मुलं. त्यांच्यासाठी बाई वर्षभर शाळा सुटल्यावर तासभर थांबल्या होत्या. "साहेब, तुम्हीच वाचून घ्या. हवं ते, हवं त्याच्याकडून," त्या म्हणाल्या.

साहेबांनी पिशवीतून मुलांचं मासिक काढलं आणि नेमकं लिप्साला उभं केलं. ओडिशाहून आलेली ही पोर दिवाळीपर्यंत वर्गात तोंडसुद्धा उघडत नव्हती.

गोष्ट एका धांदरट न्हाव्याची होती. लिप्सा एकेक शब्द चाचपत वाचू लागली. जोडाक्षराला अडखळली, मागे जाऊन पुन्हा वाचलं. न्हाव्यानं पाटलांची अर्धी मिशी उडवली तिथं मात्र ती थांबलीच. लिप्सानं मासिक तोंडावर धरलं आणि तिचे खांदे हलायला लागले.

"सर, अर्धी मिशी!" ती हसू आवरत कशीबशी म्हणाली आणि अख्खा वर्ग खो खो हसत सुटला.

साहेबही हसले. त्यांनी पेन काढून निकालावर सही केली.

"सर," लिप्सानं विचारलं, "पुढं वाचू?"