माझं म्हणणं, पोराच्या तोंडून

माझा थोरला भूपेंद्र चार लोकांसमोर मला पुरतं बोलूच देत नाही. गोंदियात तज्ज्ञ लोकांची चर्चा होती. विषय काय, तर खेड्यातल्या बाया बाळंतपणाला दवाखान्यात का जात नाहीत. भूपेंद्रही तज्ज्ञ. अनुभव सांगायला म्हणून त्यानंच मला मंचावर बसवलं होतं.

माझ्या पुढ्यात माइक आला. मी म्हटलं, "आमच्या गावच्या उपकेंद्राले दिवाळीपासून कुलूप हाये. माही रुचिका पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली, तिले नववा लागला. आता तिले कुठं नेऊ?"

भूपेंद्रनं हसत माइक ओढला. "आईची बोली जरा गावठी आहे, मी सांगतो. तिचं म्हणणं असं, की बायांमध्ये जागृती कमी पडते. उपाय एकच, गावोगावी पथनाट्य!"

टाळ्या पडल्या. समोर बसलेले सारे आमच्याच भागातले. माझं बोलणं न समजणारा तिथं एकही नव्हता.

मी माइक त्याच्या हातातून हिसकला.

"सख्ख्या बहिणीच्या जिवावर खोटं बोलला तू, भूपेंद्र. आता तिचं माहेर तुह्या नागपूरच्या घरी. उद्याच तिले तिथं नेऊन ठेवू. कळा सुरू झाल्या का तिच्यापुढं पथनाट्य करजो."