चौथा रकाना

डॉक्टरीणबाईंनी वही हातात घेऊन उलटसुलट पाहिली. रुग्णांनी भरून आणलेले कागद त्या रोज पाहत. कुणाच्या कागदावर चहाचे डाग, कुणाचा चारदा घडी घालून विरलेला. कापडी पाठीची, हाताने शिवलेली, कडा सुरीने साफ कापलेली वही आजवर कुणी आणली नव्हती. त्यांनी दिला होता एक छापील कागद. काय खाल्लं, किती वाजता, झोप किती. तीन रकाने, तीन आठवडे.

बाइंडरकाकांना तो कागद बघवला नव्हता. असल्या चिटोऱ्यावर माणसाने आपलं पोट लिहायचं का, असं स्वतःशीच करवादून त्यांनी बाइंडिंगच्या कारखान्यातल्या उरल्यासुरल्या कागदाची वही बांधली. सुईत दोरा ओवायला पाव तास गेला. सकाळी त्यांची बोटं टम्म फुगलेली असत, मूठ वळत नसे. आणि मूठ वळली नाही तर बाइंडर कसला?

सूज बोटांवर दिसते, पण असते साऱ्या अंगात, असं बाईंनी मागच्या खेपेला सांगितलं होतं. गोळी तिला एकटी आवरत नाही. ताटात काय पडतं, डोळा किती लागतो, त्यावरही ती चढते-उतरते. म्हणून तर हे लिहिणं.

बाई वाचू लागल्या. एक वाजता. पालेभाजी, मासा, काकडी, मूठभर दाणे, संत्र्याच्या चार फोडी. जेवणावर वीस मिनिटं डोळा. रात्री सात तास. दुसऱ्या दिवशी मासा नाही, अंडं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पालेभाजी, "नको म्हणत होतो तरी वाढली". पुढे न मागितलेला चौथा रकाना, पट्टीने आखलेला: कोणाबरोबर. त्यात रोज तीच तिघं. थोरले, कटिंगवाला, ताई.

"काका, इतकं नीट तर मीही जेवत नाही," बाई म्हणाल्या, आणि टेबलावरचा बिस्किटांचा पुडा त्यांनी हळूच फाइलीखाली सारला.

मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट वहीशेजारी ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. सूज मागच्या महिन्याहून वाढली होती. खाणं असं, झोप अशी, तरीही वाढते म्हणजे गोळी पुरत नाही. दुप्पट करावी लागेल. यकृतावर ताण येईल, दर महिन्याला रक्त तपासावं लागेल, पण इलाज नाही. त्या चिठ्ठी लिहू लागल्या.

बाइंडरकाका पेनाच्या टोकाकडे बघत राहिले. सही व्हायच्या बेतात ते म्हणाले, "थांबा, बाई."

"का? खोटं लिहिलंय?"

"खोटं नाही. जुनं आहे."

मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी कारखान्यात दुपारी एकाला घंटा व्हायची. जुन्या मालकांनी स्वतः टांगलेली, पितळी. घंटा झाली की मशीन बंद. खाकी कागद अंथरून चार डबे मधे उघडायचे. थोरले म्हणजे तिथले सगळ्यात जुने कारागीर. दुसऱ्याच्या माशावर त्यांचा जन्मसिद्ध हक्क. शिलाईवरची ताई प्रत्येकाच्या डब्यात डोकावायची, आणि पाला दिसला नाही तर आईवरून बोलून स्वतःची भाजी वाढायची. मग कागदाच्या गठ्ठ्यांवर आडवं व्हायचं. कागद कापणारा कटिंगवाला असा घोरायचा की मशीन बंद असल्याची कुणाला खात्री वाटू नये.

पुढे मालकांचा मुलगा आला. त्याने घंटा उतरवली. तुम्ही काय शाळेतली पोरं आहात का, म्हणाला, ज्याला भूक लागेल त्याने तेव्हा खावं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी बाइंडरकाकांची. त्या दिवसानंतर चौघांना एका वेळी भूक लागली नाही आणि मशीन जेवायला कधी बंद झालं नाही. थोरले गेले. कटिंगवाला लेकाकडे राहायला गेला. ताईची नजर अधू झाली, ती घरी बसली. आता मशीनपाशी उभ्यानेच चहा आणि पुड्यातलं तळलेलं काहीतरी. रात्री उशिरा घरी जाऊन जे मिळेल ते गिळायचं, आणि माल पहाटे न्यायला येतात म्हणून साडेचार तासांत उठायचं.

पहिल्या दिवशी खरंच लिहायला बसलो होतो, ते म्हणाले. चहा. बिस्किट. चहा. लिहायची लाज वाटली. म्हणून एक आठवणीतलं जेवण लिहिलं. ते लिहिताना तोंडाला पाणी सुटलं. मग थांबवेना.

बाईंनी चिठ्ठी फाडली. दुसरीवर जुनीच मात्रा लिहिली. वही पुन्हा भरायची, या वेळी खरी, असं बजावलं. आणि दुपारी एकाला बसून जेवायचं, मालकाला तसं लिहून हवं असेल तर तेही देते, म्हणाल्या. अर्धी वही कोरीच होती. भरलेली पानं तेवढी काढून टाकू, म्हणून त्यांनी पहिलं पान चिमटीत धरलं.

बाइंडरकाकांनी सुजलेला पंजा वहीवर ठेवला.

"फाडू नका. शिवलेली वही आहे. इकडचं पान काढलं की पलीकडचं त्याच्या जोडीचं सुटतं."

बाईंनी मागची कोरी पानं बोटाने ओढून पाहिली. "ही तर घट्ट बसली आहेत की."

"लगेच नाही सुटत, बाई," ते म्हणाले. पंजा वहीवरच होता. "वर्ष-दोन वर्षं जातात. मग एक दिवस वही उघडायला जावं, तर पान हातात येतं."