उतरायचं गाव

रविवारी हौसेने छोटं विमान काढणारे कुठलं तळं वरून छान दिसतं, कुठल्या कँटीनचं ऑम्लेट बरं, ते बघून गाव ठरवतात. धाकट्याने मात्र आज बहिणीचं गाव ठरवलं आणि आईला सांगितलं, "जरा चक्कर मारून येऊ."

मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आईने लेकीचं नावच टाकलं होतं.

धावपट्टी जवळ आली, कुंपणापाशी ताई उभी दिसली आणि त्याने चोरून आईकडे पाहिलं.

"आई, वारा आडवा आहे गं. परत फिरूया?"


आई खेकसली, "मेल्या, गपचूप उतरव! तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही म्हटलं होतं मी, धावपट्टीचं कधी बोलले होते?"